गुरुत्वीय भिंगातला कालविलंब रेडिओ दुर्बिणीने कसा मोजायचा

१९९६च्या ऑक्टोबरपासून १९९७च्या जानेवारीपर्यंत न्यू मेक्सिकोच्या पठारावरची व्हीएलए ही अनेक अँटेनांची रेडिओ दुर्बीण एकाच स्रोताकडे पुन्हा पुन्हा वळवली जात होती. स्रोताचं नाव बी०२१८+३५७. मागे एक दूरचा ब्लाझार (जिच्या कृष्णविवरातून सुटलेला झोत, म्हणजे जेट, आपल्याकडे रोखलेला आहे अशी दीर्घिका), मध्ये एक सर्पिल दीर्घिका, आणि त्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणामुळे ब्लाझारच्या शेजारीशेजारी दिसणाऱ्या दोन प्रतिमा. ब्लाझार उजळला की आधी ए प्रतिमा उजळते, काही दिवसांनी बी. हे 'काही दिवस' म्हणजे नेमके किती, एवढाच प्रश्न होता. १९९९मध्ये अँड्र्यू बिग्ज आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिलं: १०.५ दिवस, ९५ टक्के खात्रीने ०.४ दिवस खालीवर. २०१८मध्ये बिग्ज यांनीच इयन ब्राउन यांच्यासोबत तीच निरीक्षणं पुन्हा उघडली आणि उत्तर आलं ११.३ दिवस, प्रमाण त्रुटी ०.२.

निरीक्षणं तीच होती. बदललं ते कॅलिब्रेशन (दुर्बिणीची मोजपट्टी जुळवणं), प्रतिमांत मिसळणाऱ्या तेजस्वी कड्याची वजाबाकी आणि काही बारीक पद्धतशीर चुकांची दुरुस्ती. हा लेख याच फरकाभोवती फिरतो. कालविलंब मोजणं म्हणजे दोन प्रतिमांच्या तेजस्वितेचे वक्र एकमेकांवर सरकवणारा प्रोग्रॅम चालवणं, असा समज घेऊन बरेच विद्यार्थी येतात. मीही तसाच आलो होतो. तो प्रोग्रॅम एका दुपारी लिहून होतो. उत्तर बरोबर की चूक हे त्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं.

विलंब येतो कुठून

दूरच्या स्रोताचा प्रकाश भिंगदीर्घिकेच्या दोन बाजूंनी वळून आपल्याकडे येतो. दोन्ही वाटांची लांबी वेगळी असते आणि वाटेतल्या गुरुत्वाकर्षणाची खोलीही वेगळी असते. दोन्ही कारणांनी पोहोचण्याच्या वेळेत फरक पडतो. हा फरक मोजला आणि भिंगातलं वस्तुमान कसं पसरलं आहे हे ठाऊक असलं, तर विश्वातली खरी अंतरं आणि त्यावरून हबल स्थिरांक, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाचा वेग, काढता येतो. नॉर्वेच्या शूर रेफ्सडाल यांनी हे १९६४मध्ये सुचवलं, पहिलं गुरुत्वीय भिंग सापडण्याच्या पंधरा वर्षं आधी.

ते पहिलं भिंग म्हणजे १९७९मध्ये सापडलेला जुळा क्वेसार, क्यू०९५७+५६१. त्याच्या विलंबावर वर्षानुवर्षं वाद चालला. एक बाजू म्हणायची ५३६ दिवस, दुसरी ४१५च्या आसपास. डिसेंबर १९९४मध्ये ए प्रतिमेचा दृश्य प्रकाश एकदम घसरला. तशीच घसरण बी प्रतिमेत फेब्रुवारी १९९६मध्ये दिसली आणि आकडा ४१७ दिवसांवर स्थिरावला. तो वाद मिटवला एका ठसठशीत घटनेने, सांख्यिकीच्या चलाखीने नव्हे. ही गोष्ट पुढे दोनदा उपयोगी पडणार आहे.

कागदावरचा अंदाज

दुर्बिणीचा वेळ मागण्याआधी विलंब साधारण किती असेल हे काढा, कारण किती दिवसांनी एकदा निरीक्षण करायचं ते त्यावरच ठरतं. साध्या गोलाकार भिंगासाठी एक सोपा हिशेब आहे. भिंगाच्या केंद्रापासून प्रत्येक प्रतिमेचं अंतर आर्कसेकंदात घ्या (एका अंशाचा ३,६००वा भाग; पंचांगवाल्यांच्या भाषेत विकला). दोन्ही अंतरांचे वर्ग करून वजाबाकी करा. तिला 'कालविलंब-अंतरा'ने गुणा: दर १,००० मेगापार्सेकमागे १४ दिवस (एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षं). कालविलंब-अंतर म्हणजे भिंगापर्यंतचं अंतर गुणिले स्रोतापर्यंतचं अंतर, भागिले भिंग ते स्रोत अंतर, आणि या सगळ्याला एक अधिक भिंगाची रेडशिफ्ट (विश्वाच्या प्रसरणाने प्रकाश किती ताणला गेला त्याचं माप) यांनी गुणायचं. कोणत्याही विश्वशास्त्रीय कॅल्क्युलेटरवर ते मिळतं.

बी०२१८+३५७साठी करून पाहू. भिंगाची रेडशिफ्ट ०.६८४७, स्रोताची ०.९४४. हबल स्थिरांक ७० (किलोमीटर दर सेकंदाला, दर मेगापार्सेकमागे) धरला तर कालविलंब-अंतर सुमारे ११,००० मेगापार्सेक येतं, म्हणजे गुणक १५४ दिवस. दोन प्रतिमांमधलं अंतर ०.३३५ आर्कसेकंद. अशा भिंगात तेजस्वितेचं गुणोत्तर आणि केंद्रापासूनच्या अंतरांचं गुणोत्तर सारखंच असतं. १५ गिगाहर्ट्झवर ए प्रतिमा बीच्या सुमारे ३.७ पट तेजस्वी आहे, म्हणून ए केंद्रापासून ०.२६४वर आणि बी ०.०७१वर. वर्गांची वजाबाकी ०.०६४५. गुणाकार: जवळपास १० दिवस. पाच मिनिटांच्या हिशेबाला हे उत्तम उत्तर आहे.

मात्र त्यावर विसंबू नका. पीकेएस १८३०-२११ला हाच हिशेब लावला, अंतर सुमारे एक आर्कसेकंद आणि तेजाचं गुणोत्तर १.५२ धरून, तर १७ दिवस येतात. प्रत्यक्ष मोजणी २६ दिवसांची आहे. भिंग लांबट असलं किंवा शेजारी दुसरी दीर्घिका असली की साधा हिशेब असा घसरतो. वेळापत्रक आखायला तो पुरेसा आहे, एवढंच.

स्रोत निवडताना

पहिली अट, स्रोत बदलणारा हवा. सपाट वर्णपटाचा (म्हणजे वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवर जवळपास सारख्या तेजाचा), गाभा घट्ट असलेला रेडिओ स्रोत घ्या. जेटच्या टोकांचे जुन्या इलेक्ट्रॉनांनी भरलेले पसरट फुगवटे, म्हणजे लोब, महिनोन्‌महिने जसेच्या तसे राहतात. नव्वदच्या दशकातलं क्लास सर्वेक्षण आणि त्याआधीचं जेव्हीएएस, या दोघांनी मिळून याच कारणासाठी सपाट वर्णपटाचे सोळा हजारांहून जास्त स्रोत व्हीएलएने ८.४ गिगाहर्ट्झवर तपासले. त्यातून बावीस भिंगं हाती आली. तेवढ्यातही सगळी उपयोगी नाहीत. सहा भिंगांवर व्हीएलएने लक्ष ठेवल्याचा अभ्यास २०१५मध्ये आला. बऱ्याच वक्रांत बदल दिसला, पण एकाही विलंबाचा आकडा निघाला नाही. निराश करणारा निकाल, पण पुढच्याचा वेळ वाचवणारा.

दुसरी अट, दुर्बिणीला प्रतिमा वेगळ्या दिसल्या पाहिजेत. व्हीएलएची ए रचना, म्हणजे अँटेना सर्वांत दूर, सुमारे ३६ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या, ८.४ गिगाहर्ट्झवर पाव आर्कसेकंद इतकं बारीक पाहते आणि १५ गिगाहर्ट्झवर त्याहून बारीक. ०.३३५ आर्कसेकंदाची जोडी त्यात जेमतेम सुटते.

आपल्याकडे हा प्रश्न नेहमी येतो: मग जीएमआरटी का नाही? नारायणगावजवळच्या खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत आणि त्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. पण ती दुर्बीण लांब तरंगलांबीवर काम करते. तिच्या सर्वांत वरच्या पट्ट्यात, १.४ गिगाहर्ट्झच्या आसपासही, तिची नजर साधारण दोन आर्कसेकंदांची. क्यू०९५७+५६१च्या सहा आर्कसेकंदांवरच्या प्रतिमा तिला वेगळ्या दिसतील, बी०२१८+३५७च्या नाहीत. शिवाय या तरंगलांबीवर स्रोत मंद बदलतात आणि पसरट भागाचा वाटा वाढतो. कालविलंबासाठी जीएमआरटी हे चुकीचं हत्यार आहे. त्यात तिचा काही कमीपणा नाही. ती ज्या कामासाठी बांधली ते काम वेगळं आहे.

या विषयात आपल्या माणसांचा हात मात्र सुरुवातीपासून आहे. पीकेएस १८३०-२११ या स्रोतातली जोडी प्रमेश राव आणि रवी सुब्रह्मण्यन यांनी १९८८मध्ये नोंदवली. १९९०मध्ये ते दोघे, टीआयएफआरचे डी. नरसिंह आणि जीएमआरटी उभारणारे गोविंद स्वरूप या चौघांनी ही गुरुत्वीय भिंगाची करामत असावी असं मांडलं. पुढच्याच वर्षी त्यातलं तेजस्वी कडं दिसलं आणि शंका उरली नाही.

तिसरी अट, विलंब मोजता येण्याजोगा हवा. चार प्रतिमांच्या भिंगात जवळजवळच्या प्रतिमांमधला विलंब फार थोडा असतो. बी१४२२+२३१वर पटनाईक आणि नरसिंह यांना दोन जवळच्या प्रतिमांत १.५ दिवस, त्रुटी १.४, असा आकडा मिळाला. म्हणजे शून्यही चालेल. उलट वर्षभराचा विलंब असेल तर किमान दोन-तीन वर्षं चिकाटी लागते. दहा ते ऐंशी दिवस हा पट्टा सोयीचा.

वेळापत्रक

विलंबाच्या दहाव्या भागाइतक्या अंतराने एक निरीक्षण, हा माझा ठोकताळा. दहा दिवसांच्या विलंबाला रोज किंवा एक दिवसाआड. बी१६०८+६५६मध्ये चार प्रतिमांचे विलंब सुमारे ३१, ३६ आणि ७७ दिवस आहेत. तिथे दर तीन-चार दिवसांनी पाहून भागलं. एकूण मोहीम विलंबाच्या पाच-सहापट तरी चालावी, नाहीतर वक्र सरकवल्यावर एकमेकांवर येणारा भागच उरत नाही.

व्हीएलएची अडचण अशी की अँटेना दर काही महिन्यांनी जागा बदलतात. पूर्ण चक्र सोळा महिन्यांचं. ए रचना संपली की जवळच्या प्रतिमा पुन्हा एकात मिसळतात. बी०२१८+३५७चं भाग्य असं की तिचा विलंब इतका छोटा की एका ए रचनेच्या मुदतीतच सगळं उरकलं. बी१६०८+६५६च्या प्रतिमा जास्त दूर आहेत, तरी तिला तीन मोसम लागले. रेडिओचा मोठा फायदा म्हणजे दिवसाढवळ्याही पाहता येतं. क्यू०९५७+५६१च्या दृश्य प्रकाशातल्या वक्रांत दर वर्षी सूर्यामुळे खंड पडायचा, आणि ५३६ दिवस म्हणजे जवळपास दीड वर्ष. तेवढ्याने सरकवलेल्या वक्राचे ठिपके नेमके दुसऱ्याच्या खंडात जाऊन पडायचे. वाद इतका चिघळला त्याचं एक कारण हे.

शक्य असेल तर रोज साधारण सारख्याच नाक्षत्रवेळी (ताऱ्यांच्या स्थितीवरून मोजलेल्या वेळी) निरीक्षण घ्या. स्रोत आकाशात त्याच उंचीवर असला की अँटेनाचं वाकणं, हवेची जाडी आणि बेसलाइनचा (अँटेनांच्या जोड्यांमधल्या अंतरांचा) नमुना सारखा राहतो. जी चूक रोज सारखी होते ती विलंबाला धक्का लावत नाही. धोका रोज बदलणाऱ्या चुकीचा आहे.

फ्रिक्वेन्सी दोन तरी घ्या. ८.४ गिगाहर्ट्झवर मोजणी स्थिर असते. १५ गिगाहर्ट्झवर स्रोत जास्त बदलतो आणि प्रतिमा जास्त सुट्या दिसतात, पण हवेतला ओलावा आणि वाऱ्याने हलणारी अँटेना त्रास देतात.

कॅलिब्रेशन: इथेच थांबायचं आहे

प्रतिमांची तेजस्विता काही टक्क्यांनीच बदलते. बी१६०८+६५६च्या पहिल्या मोसमातला बदल पाच टक्क्यांच्या घरात होता. तुमचं कॅलिब्रेशन रोज दोन टक्क्यांनी डुलत असेल, तर तुम्ही दुर्बिणीचा मूड मोजत आहात, ब्लाझार नव्हे.

आणि ही डुलणी निष्पाप नसतात. एखाद्या दिवशी मोजपट्टी एक टक्का चुकली तर ए आणि बी दोन्ही त्याच दिवशी एक टक्का वर जातात. दोन्ही वक्रांत त्याच तारखेला सारखा खोटा उंचवटा तयार होतो. सहसंबंधाचा प्रोग्रॅम हे खोटं साम्य आनंदाने पकडतो आणि शून्य दिवस विलंब असं सांगतो. विलंब दहा दिवसांचा असताना ही ओढ उत्तराला अलगद खाली खेचू शकते. मी पहिल्यांदा वक्र काढले तेव्हा शून्यापाशी असाच एक टोकदार शिखरबिंदू आला. दोन आठवडे मी प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसलो. चूक कॅलिब्रेटरच्या, म्हणजे मोजपट्टी म्हणून पाहिलेल्या स्थिर स्रोताच्या, वक्रात उघड दिसत होती; तो काढून पाहायचं मला सुचलंच नव्हतं.

म्हणून क्रम असा ठेवा.

तेजस्वितेच्या मापनासाठी ३सी२८६ घ्या. दशकानुदशकं जवळजवळ न बदललेला हा स्रोत आहे. ३सी४८ आणि ३सी१३८ यांनी मधल्या काळात उसळी घेतली आहे, त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नका. ए रचनेत हे स्रोत बिंदू राहत नाहीत, त्यांचा पसारा दिसू लागतो. बिंदू मानलंत तर लांब बेसलाइनवर चूक होईल, म्हणून त्यांचं तयार प्रतिमा-मॉडेल वापरा.

त्याशिवाय भिंगाजवळचे दोन-तीन स्थिर स्रोत रोज पाहा. यासाठी 'कॉम्पॅक्ट सिमेट्रिक ऑब्जेक्ट' प्रकारचे स्रोत फार चांगले. त्यांचा बहुतेक रेडिओ प्रकाश दोन्ही बाजूंच्या छोट्या लोबांतून येतो आणि तो एक टक्क्याच्या आतच हलतो. या सगळ्यांचा वक्र काढा. एखाद्या दिवशी ते सगळे एकत्र वर किंवा खाली गेले, तर तो दिवसाचा दोष. त्या प्रमाणात भिंगाचे आकडेही दुरुस्त करा. एकच स्रोत हलला, तर तो स्वतः बदलतो आहे. त्याला यादीतून काढा.

मग खराब दिवस ओळखून बाजूला करा: गडगडाट, जोराचा वारा, रिसीव्हर बिघडलेली अँटेना. इथे एक कडक नियम पाळा. कोणता दिवस काढायचा हे कॅलिब्रेटर पाहून ठरवा, भिंगाचा वक्र पाहून कधीही नाही. भिंगाचा वक्र बघत बघत नको असलेले ठिपके पुसले की तुम्हाला हवा तो विलंब मिळू लागतो.

फेजसाठी (लहरींचा ताल जुळवण्यासाठी) बी०२१८+३५७सारखा तेजस्वी स्रोत स्वतःचा कॅलिब्रेटर होऊ शकतो. असं स्वतःवरूनच केलेलं सेल्फ-कॅलिब्रेशन फक्त फेजवर करा. तेजस्विता त्यात मोकळी सोडलीत तर जे मोजायचं आहे तेच पुसलं जाईल. कासा, एप्स, डिफमॅप, या सॉफ्टवेअरपैकी काहीही वापरा. एकच पाहा की पहिल्यापासून शेवटच्या दिवसापर्यंत एकच स्क्रिप्ट, त्याच मूल्यांनी चाललेली आहे.

प्रत्येक प्रतिमेची तेजस्विता वेगळी काढणं

साफ केलेल्या नकाशावर चौकोन आखून बेरीज करण्याचा मोह टाळा. रोजचा बीम (दुर्बिणीला एखादा बिंदू जसा पसरून दिसतो तो ठसा) थोडा वेगळा असतो आणि शेजारच्या प्रतिमेचा प्रकाश चौकोनात सांडतो. त्याऐवजी थेट व्हिजिबिलिटींवर (अँटेनांच्या जोड्यांनी नोंदवलेल्या मूळ मोजण्यांवर) मॉडेल बसवा: दोन घट्ट घटक, त्यांच्या जागा आणि आकार सगळ्या दिवसांसाठी एकच, फक्त तेजस्विता रोजची वेगळी. जागा सगळ्या मोहिमेचा डेटा एकत्र करून एकदाच ठरवा.

ऑस्ट्रेलियातल्या एटीसीए दुर्बिणीने पीकेएस १८३०-२११चा विलंब मोजला तेव्हा ८.६ गिगाहर्ट्झवर तिची नजर जवळपास प्रतिमांमधल्या अंतराइतकीच होती. तरी लव्हेल आणि सहकाऱ्यांनी व्हिजिबिलिटींवर मॉडेल बसवून दोन वक्र वेगळे केले आणि १९९८मध्ये २६ दिवस हे उत्तर दिलं. आधीचा अंदाज ४४ होता.

आता कडं. बी०२१८+३५७मध्ये दोन प्रतिमांसोबत आइनस्टाइन कडं आहे, स्रोताच्या पसरट जेटचं ताणलेलं रूप. ते बदलत नाही. पण बी प्रतिमा मंद आहे, त्यामुळे तिच्या मोजणीत कड्याचा थोडा प्रकाश मिसळला तरी तिचे चढउतार बोथट दिसतात. शिवाय दिवसाच्या बेसलाइन-नमुन्याप्रमाणे हा मिसळलेला वाटा कमीजास्त होतो आणि वक्रात नसलेल्या लाटा उमटतात. २०१८च्या फेरतपासणीत कड्याची ही वजाबाकी नीट केली गेली; १०.५वरून ११.३कडे जाण्यात तिचा हात होता. करायची रीत अशी: सगळ्या दिवसांचा डेटा जोडून कड्याचं एक खोल मॉडेल बनवा, ते प्रत्येक दिवसाच्या व्हिजिबिलिटींतून वजा करा आणि उरलेल्यावर दोन घटक बसवा.

विलंब काढणे

सर्वांत आधी डोळ्यांनी. बीचा वक्र ए इतका मोठा करा, कागदावर किंवा पडद्यावर डावीकडे सरकवा आणि कुठे चपखल बसतो ते पाहा. जो विलंब डोळ्याला अजिबात दिसत नाही तो प्रोग्रॅमने काढला तरी मी त्यावर विश्वास ठेवत नाही. एखादं शिखर, एखादी घसरण, काहीतरी वळण हवं. सतत सरळ रेषेत चढणारा वक्र कितीही सरकवला तरी तेजाचं गुणोत्तर बदलून जुळवून घेता येतो. त्यातून विलंब निघत नाही.

मग काय-वर्ग (काय-स्क्वेअर) पद्धत, म्हणजे दोन वक्रांमधले फरक त्रुटीच्या मानाने मोजून त्यांच्या वर्गांची बेरीज. ० ते २५ दिवस, ०.१ दिवसाच्या पायरीने, प्रत्येक विलंब तपासा. बी तेवढा मागे सरकवा. एच्या ठिपक्यांमध्ये रेषेने मधली मूल्यं काढा. गुणोत्तर आणि एक स्थिर अधिकांक (सगळ्या मोजण्यांत सारखाच मिळवायचा आकडा), हे दोन्ही मोकळे ठेवून काय-वर्ग किमान करा. अधिकांक ठेवायचा कारण कड्याचा उरलासुरला प्रकाश त्यात जातो. गुणोत्तर मोकळं ठेवायचं कारण ते फ्रिक्वेन्सीगणिक बदलतं: बी०२१८+३५७मध्ये ८.४ गिगाहर्ट्झवर सुमारे ३.५७, १५वर ३.७३. भिंगदीर्घिकेतल्या वायूचा या प्रतिमांच्या किरणांवर परिणाम होतो हे त्याचं कारण. एकमेकांवर येणारे ठिपके विलंबागणिक कमीजास्त होतात, म्हणून काय-वर्गाला त्यांच्या संख्येने भागा. उलट दिशेनेही करा, म्हणजे बीत मधली मूल्यं काढून ए सरकवा. दोन उत्तरं वेगळी आली तर ठिपके फार विरळ आहेत.

त्यानंतर मधली मूल्यं न काढणारी एखादी पद्धत. पेल्ट आणि सहकाऱ्यांची डिस्पर्शन पद्धत मला आवडते: दोन्ही वक्र एकत्र मिसळून वेळेप्रमाणे लावायचे आणि शेजारच्या ए-बी ठिपक्यांमधला फरक किती लहान होतो ते पाहायचं. क्यू०९५७+५६१मध्ये ४१५च्या बाजूने उभी राहिली ती हीच. तिसरी पद्धत गाउसियन प्रोसेसची, ठिपक्यांमधून सांख्यिकीने गुळगुळीत वक्र बसवणारी. तिन्ही साधारण एकाच जागी आल्या पाहिजेत. एका पद्धतीचं उत्तर दिवसभराने वेगळं असेल तर सरासरी घेऊन मिटवू नका, कारण शोधा.

ध्रुवण: फुकट मिळणारा दुसरा साक्षीदार

ब्लाझारचा रेडिओ प्रकाश ध्रुवित असतो, म्हणजे त्याच्या लहरी काही प्रमाणात एकाच दिशेने डोलतात, आणि ध्रुवणाची टक्केवारीही बदलते. टक्केवारी हे गुणोत्तर आहे; त्या दिवसाची मोजपट्टी एक टक्का चुकली तरी अंश आणि छेद दोन्हीकडे चुकते आणि कटून जाते. वरचा शून्य-विलंबाचा सापळा इथे उरत नाही. बी०२१८+३५७चा सर्वांत पहिला आकडा, १२ दिवस खालीवर ३, ध्रुवणाच्या टक्केवारीवरूनच काढला होता.

ध्रुवणाची दिशाही वापरता येते. भिंगातल्या चुंबकित वायूमुळे प्रत्येक प्रतिमेची दिशा वेगवेगळ्या कोनातून फिरते, पण तो कोन स्थिर राहतो, म्हणून मोकळा अधिकांक ठेवला की झालं. खबरदारी एकच, आणि ती १९९९ ते २०१८च्या प्रवासाने शिकवली: दिशेच्या मोजणीत होरा-कोनाप्रमाणे (स्रोत आकाशाच्या मध्यरेषेपासून किती सरकला त्याप्रमाणे) बदलणारी एक चूक दडलेली होती. निरीक्षणाची वेळ रोज पुढेमागे झाली की ती चूक वक्रात शिरते. तुमच्या डेटात दिशेचे उरलेले फरक होरा-कोनासमोर मांडून एकदा पाहाच.

त्रुटी किती लिहायची

काय-वर्ग एकने वाढतो तिथपर्यंतची रुंदी म्हणजे त्रुटी, हे पाठ्यपुस्तकातलं उत्तर इथे बहुधा कमी भरतं. खरी त्रुटी नकली डेटातून काढा. दोन्ही वक्र मोजलेल्या विलंबाने जुळवून एक गुळगुळीत वक्र बनवा. तो खरा मानून, एका ठरलेल्या विलंबाने नकली ए आणि बी तयार करा, नेमक्या तुमच्या तारखांना, तुमच्या डेटाइतक्याच आवाजासह (नॉइज, म्हणजे मोजणीतले यादृच्छिक चढउतार). आवाजात दोन भाग हवेत: प्रत्येक प्रतिमेचा स्वतंत्र, आणि दोघांना एकाच दिवशी सारखा लागणारा. दुसरा भाग विसरलात तर सगळं व्यर्थ. असे हजार संच तुमच्या पूर्ण साखळीतून काढा. मग नकली विलंब ८, ९, १०, ११, १२, १३ असा बदलून पाहा, उत्तर सतत एका बाजूला झुकतं का. झुकत असेल तर ते झुकणं त्रुटीत धरा.

एकाच स्रोतावर दोन गटांनी काम केलं तर आनंद माना. बी०२१८+३५७वर त्याच सुमारास कोहेन आणि सहकाऱ्यांनीही व्हीएलएने मोजणी केली: १०.१ दिवस, खालीवर साधारण दीड. मग २०१२मध्ये फर्मी उपग्रहाने याच ब्लाझारच्या गॅमा-किरणांतल्या उसळ्या पाहिल्या. फर्मीला दोन प्रतिमा वेगळ्या दिसत नाहीत, पण एकत्र प्रकाशातच प्रत्येक उसळीचा पडसाद दिसला: ११.४६ दिवस, खालीवर ०.१६. १०.५शी हा आकडा जुळत नव्हता. गॅमा आणि रेडिओ वेगवेगळ्या जागांतून येतात का, अशी शंकाही होती. रेडिओची फेरतपासणी झाल्यावर ती गरज उरली नाही.

या पडसादाचा एक सुंदर उपयोगही झाला. जुलै २०१४मध्ये ब्लाझार पुन्हा उसळला तेव्हा ला पाल्मा बेटावरच्या मॅजिक या गॅमा-किरण दुर्बिणींना चांदणं भोवलं. आपल्याकडे नुकतीच गुरुपौर्णिमा झाली होती. पण बी प्रतिमा त्याच उसळीची बातमी घेऊन अकरा-बारा दिवसांनी येणार हे ठाऊक होतं. मॅजिकने त्या रात्री दुर्बिणी तयार ठेवल्या आणि उसळी टिपली.

एकाच प्रतिमेत दिसणारे बदल

दोन वक्र कितीही सरकवले तरी एखादा तुकडा जुळत नाही, असं होतं. तो बदल ब्लाझारचा नसेलच. भिंगदीर्घिकेतले तारे किंवा तसल्याच घट्ट वस्तू जेटच्या एखाद्या गाठीसमोरून गेल्या तर फक्त त्या प्रतिमेचं तेज हलतं, हे सूक्ष्मभिंग. किंवा आपल्याच आकाशगंगेतला वायू लुकलुक घडवतो, खासकरून ५ गिगाहर्ट्झ आणि त्याखाली. बी१६००+४३४मध्ये ए प्रतिमेत असे झपाट्याचे बदल दिसले आणि कूपमन्स व डी ब्रुइन यांनी ते सूक्ष्मभिंगाचे मानले. तरीही रेडिओचा विलंब ४७ दिवस आला आणि दृश्य प्रकाशातून स्वतंत्रपणे ५१, त्रुटी ४. ओळखायची खूण फ्रिक्वेन्सी: लुकलुक वरच्या फ्रिक्वेन्सीवर झपाट्याने मंदावते, स्रोताचा स्वतःचा बदल बहुधा वाढतो. म्हणून दोन फ्रिक्वेन्सींचा आग्रह.

जुन्या डेटावर हात बसवा

नवी मोहीम मागण्याआधी व्हीएलएच्या संग्रहातला जुना डेटा घ्या. ठरावीक मुदतीनंतर तो सगळ्यांना खुला असतो, आणि नव्वदच्या दशकातल्या फायली आजच्या लॅपटॉपला किरकोळ आहेत. सुरुवात भिंगाने करू नका. आधी फक्त कॅलिब्रेटरांचे वक्र काढा आणि ते एक टक्क्याच्या आत सपाट येईपर्यंत पुढे जाऊ नका. मला त्याला चार महिने लागले. त्यानंतरचं सगळं तीन आठवड्यांत झालं.

विलंबावरून हबल स्थिरांकाकडे जाताना भिंगाचं मॉडेल लागतं आणि तो स्वतंत्र विषय आहे. पण प्रमाण सरळ आहे: विलंब जितका वाढतो तितका स्थिरांक घटतो. वुकनिट्झ आणि सहकाऱ्यांनी २००४मध्ये कड्याचा आधार घेऊन या भिंगाचं मॉडेल बनवलं आणि १०.५ दिवसांच्या विलंबावरून स्थिरांक ७८ काढला. भिंग तेच ठेवून २०१८मध्ये विलंब तेवढा बदलला, ११.३, आणि स्थिरांक आला ७२.९, त्रुटी २.६.